आखाजीच्या आठ दिवसांत आईसाठी काय करता येईल

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही सुरतला लूमवर आहात. आई 74 वर्षांची, अमळनेर तालुक्यातल्या गावी एकटी राहते. वडील 3 वर्षांपूर्वी गेले. दिवाळीपासून ती विसरायला लागली आहे, गॅस चालू ठेवते, दोनदा शेजारच्या आळीत जाऊन घर सापडेना म्हणून ओट्यावर बसून राहिली. धाकटा भाऊ गावातच वेगळा राहतो, आईच्या नावावरचं घर त्याने बक्षीसपत्राने करून घेतलं आणि आता लक्ष देत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही 8 दिवसांसाठी गावी जाणार आहात. तुमचं विचारणं दोनच गोष्टींचं आहे: जळगाव-धुळ्याकडचा चांगला वृद्धाश्रम कोणता, आणि भावावर केस होते का.

मी समाजसेवा अधीक्षक म्हणून सरकारी रुग्णालयांत 27 वर्षं काम केलं, त्यातली बहुतेक खान्देशातच. निवृत्तीनंतर म्हाताऱ्या माणसांचे अर्ज, दाखले, प्रांताकडची प्रकरणं यांत मदत करते. मी डॉक्टर किंवा वकील नाही, पण या दोघांच्या दारात बसलेली हजारो माणसं पाहिली आहेत. त्या अनुभवावरून स्पष्ट सांगते, वृद्धाश्रमाचं नाव मी तुम्हाला आत्ता देणार नाही. आईला नेमकं काय झालंय हे अजून कोणी तपासलेलं नाही, आणि तिला काय हवंय हे कोणी विचारलेलं तुमच्या लिहिण्यात कुठे दिसत नाही. तिची समज बऱ्यापैकी शाबूत आहे तोवरच या दोन्ही गोष्टी होऊ शकतात. तुमच्या हातात जी सगळ्यात कमी उरली आहे ती वस्तू म्हणजे हा काळ. वृद्धाश्रम सहा महिन्यांनीही सापडेल.

आधी तपासणी. आपल्याकडे 70 च्या पुढचं माणूस विसरायला लागलं की घरचे म्हणतात, वय झालं. पण विसरण्याची काही कारणं औषधाने बरी होणारी असतात. बी-12 कमी होणं हे त्यातलं मोठं. तुमची आई माळकरी असेल, मांस-अंडं खात नसेल, वरून साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर ही शंका आणखी बळावते. थायरॉईड मंदावणं, लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, झोपेच्या गोळ्या, नवरा गेल्यावर आत साचलेलं नैराश्य ही बाकीची. ओट्यावरून किंवा मोरीत पडून डोक्याला मुका मार लागला असेल तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं आणि माणूस काही आठवड्यांनी गोंधळायला लागतं. म्हणून वहिनीला आणि शेजारच्या बायांना मुद्दाम विचारा, गेल्या वर्षात ती कधी पडली होती का. म्हातारी माणसं पडल्याचं लपवतात, कारण कळलं की हिंडणं-फिरणं बंद होईल अशी भीती असते.

त्यात तुम्ही जाणार ऐन उन्हाळ्यात. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो, अमळनेर काही फार मागे नसतं. पारोळा तालुक्यातली एक आजी मे महिन्यात आमच्याकडे आणली होती, मुलांना ओळखत नव्हती, अंगावरचं लुगडं सोडत होती. घरात वृद्धाश्रमाचं बोलणं सुरूही झालं होतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, रात्री उठावं लागतं म्हणून पाणी कमी पिणं, वर पत्र्याचं घर. सोडियम खूप खाली गेलं होतं. ते सावकाश वर आणलं आणि पाचव्या दिवशी आजीने विचारलं, "मन्ही बकरी कोठे शे?" ती त्याच घरी परत गेली. तुमच्या आईचं असंच निघेल असं मी म्हणत नाही. दिवाळीपासून हळूहळू वाढत आलेलं आहे, म्हणजे खरोखरचा स्मृतिभ्रंशही असू शकतो. पण तपासल्याशिवाय तो गृहीत धरायचा नाही.

आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जा, तिथून चिठ्ठी घेऊन धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. मेडिसिन आणि मनोविकार, दोन्ही ओपीडी दाखवा. मनोविकार म्हटल्यावर घरचे बिचकतात, पण स्मरणशक्तीची चाचणी बहुतेक वेळा तिथेच नीट होते. बी-12 ची तपासणी सगळ्याच सरकारी ठिकाणी होते असं नाही, ती एखादे वेळी बाहेरून करावी लागेल. जाताना तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, मुदत संपलेल्या आणि शेजारणीने दिलेल्यासुद्धा. कान आणि डोळेही त्याच फेरीत दाखवून घ्या. ज्याला ऐकू येत नाही त्याला आठवणार काय? आणि प्रत्येक केसपेपर जपून ठेवा. त्यावरची तारीख पुढे उपयोगी पडते, कशी ते सांगते.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला बसले. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं म्हणजे त्या दिवसापासून माणूस निर्णयाला अपात्र ठरतं असं नाही. सकाळचं जेवण विसरणारी बाईसुद्धा कोणाजवळ राहायचं, दागिने कोणाला द्यायचे, हे अगदी ठाम सांगू शकते. पण हा काळ मर्यादित असतो. तो संपल्यावर तिच्या वतीने काही करायचं तर वाट फार अवघड होते. लोक समजतात की मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की त्या मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं त्याच दिवशी ते निकामी. काही जण ऐकीव माहितीवर कलेक्टर कचेरीतल्या पालकत्वाच्या समितीकडे जातात. ती समिती 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली आहे, ती बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. म्हातारपणी आलेला स्मृतिभ्रंश तिच्यात बसत नाही. मग उरतो उच्च न्यायालयात पालक नेमून घेण्याचा मार्ग, आणि तो लूमवर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला पेलणारा नाही.

माझ्या कामातलं एक प्रकरण अजून मनातून जात नाही. चोपड्याकडची एक विधवा बाई, बँकेत नवऱ्याची सव्वादोन लाखांची ठेव तिच्या एकटीच्या नावावर. मुलगी मनापासून करणारी. ती पहिल्यांदा आईला घेऊन आली तेव्हा आई माझ्याशी दहा मिनिटं छान बोलली होती. मी त्यांना औषधांचं सांगितलं, पेन्शनचं सांगितलं, बँकेचं सांगितलं नाही. दोन वर्षांनी त्या दोघी परत आल्या तेव्हा आईला सही म्हणजे काय हे कळत नव्हतं. पैसे बँकेत आणि डायपर उसने, असं त्या मुलीने शेवटपर्यंत केलं. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी बँकेचं विचारते.

तुम्ही काय करा. डॉक्टरांनी तपासून, तिला व्यवहार समजतो असं लिहून दिलं तर त्याच आठवड्यात तिला घेऊन बँकेत जा. तिची इच्छा असेल तर खातं तुमच्यासोबत किंवा तिचा ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्यासोबत संयुक्त करा, दोघांपैकी कोणीही एक व्यवहार करू शकेल असं. फक्त वारस (नॉमिनी) म्हणून नाव लावलं तर ते तिच्या हयातीत काहीच कामाचं नाही. ती अंथरुणाला खिळली पण समज असेल, तर अंगठ्यावर पैसे काढता येतात: दोन साक्षीदारांनी तो अंगठा ओळखायचा आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस हवा. 70 च्या वरच्यांना आणि आजाऱ्यांना घरपोच बँकसेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलेलं आहे. गावच्या शाखेत "असं काही नसतं" म्हटलं तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

मृत्युपत्र करायचं असेल तर त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात. तिच्या स्थितीत मी नोंदणी आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र दोन्ही करायला सांगेन. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली, पुढे उपचाराबद्दल तिच्या वतीने कोणी बोलायचं ते ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमू शकते. पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

हे सगळं करताना एकच पथ्य: तिला एकटीला विचारा. तुम्ही, भाऊ, वहिनी सगळे समोर बसून "आई, तुला कुठे राहायचं?" म्हटलं तर ती सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाला बरं वाटेल ते उत्तर देईल. सकाळी, ऊन चढायच्या आत, ती भाजी निवडत असेल तेव्हा शेजारी बसा, तिच्या अहिराणीत बोला. एक आजी माझ्यासमोर मुलाला "जसं तुम्ही म्हणशान तसं" म्हणाली आणि तो चहा आणायला गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, "ताई, माले तठे नई जानं."

आता भावाचं. केस होते का, तर होते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा 2007 चा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. ती कचेरी तुम्हाला अमळनेरलाच आहे. अर्ज आई स्वतः करू शकते किंवा तिने अधिकार दिलेलं माणूस. वकील लागत नाही. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा, अडचण असेल तर आणखी 30, अशी मुदत कायद्यात आहे. निर्वाहाची रक्कम महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये. पण एक गोष्ट तुम्हाला कडू लागली तरी सांगते. या कायद्याच्या नजरेत अपत्य म्हणजे सगळी अपत्यं. पहिल्याच तारखेला साहेब तुम्हालाही विचारतील, दरमहा तुम्ही किती पाठवता? त्याचा पुरावा जवळ असू द्या. बहिणीचा तुम्ही उल्लेख केलेला नाही. असेल तर तीही कायद्याने अपत्यच आहे. माझा अनुभव असा की निर्णयाच्या बोलण्यातून आपण लेकीला बाहेर ठेवतो आणि आजारपणात पहिला फोन तिलाच करतो.

घराचं बक्षीसपत्र रद्द होईल का हे त्याच्या मजकुरावर अवलंबून आहे. कलम 23 म्हणतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. तेव्हा त्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून आधी काढा आणि त्यात "सांभाळ करेन" अशा अर्थाचं काही लिहिलंय का ते बघा. वेगळा कागद, वचनपत्र असेल तर तोही शोधा. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अट असल्याचं दाखवावं लागेल असं म्हटलं होतं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल देताना, हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा असं सांगितलं. तिथे दस्तासोबत मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. बक्षीसपत्र झालं तेव्हाच आई गोंधळलेली होती असं तुमचं म्हणणं असेल तर तो दिवाणी न्यायालयाचा विषय, आणि तिथे केसपेपरवरची तारीख बोलते.

पण अर्ज करावा का? आई उपाशी राहत असेल, तिच्यावर हात उगारला जात असेल, घराबाहेर काढण्याची भाषा होत असेल तर एक दिवसही थांबू नका. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, ताबडतोबीची वेळ असेल तर 112. ज्येष्ठाला टाकून देणं हा या कायद्याने गुन्हा आहे, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असं काही नसेल, नुसता दुर्लक्षाचा मामला असेल, तर मी आधी बोलून बघेन. कारण तुम्ही 8 दिवसांनी सुरतची गाडी पकडाल आणि रात्री दोनला आई मोरीत पडली तर उचलायला तोच भाऊ धावणार आहे. तारखेवरून आल्यावर तो धावेल का, याचं उत्तर तुम्हालाच माहीत. प्रांतांकडेही आधी समेटाचा प्रयत्न होतो, त्यासाठी कायद्यात सोय आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत समेटाच्या बैठकीत ठरलेले 2,000 रुपये नियमित मिळाले, आणि भांडून मिळवलेल्या 5,000 साठी दर महिन्याला म्हातारीला कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

भावाशी बोलायच्या आधी वहिनीशी बोला. खरं काम तिच्या अंगावर पडणार आहे आणि तिला कोणी विचारलेलं नसणार. तिला शेतावर रोजाने जाऊन जे मिळतं ते सोडून सासूकडे बघायला सांगायचं, तर तेवढे पैसे तिच्या हातात पडायला हवेत. यात कमीपणा काही नाही. वहिनी नको म्हणाली तर शेजारची एखादी बाई बघा: दोन वेळचं गरम जेवण, गोळ्या समोर बसून देणं, रात्री रेग्युलेटर बंद करणं, एवढंच काम ठरवून द्या. ज्वारीची किंवा कळण्याची कडक भाकरी चावत नसेल तर ती अर्धी टाकून देते आणि भूक नाही म्हणते, हेही बघायला सांगा.

गावातल्या आशाताईला आणि उपकेंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून आईचं नाव सांगा. बीपी-साखरेच्या गोळ्या तिथून मिळतात आणि महिन्याकाठी कोणीतरी तिला बघून जातं. पोलीस पाटील, किराणावाला, स्टँडवरचे रिक्षावाले यांना तुमचा नंबर द्या. तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात एक छोटी डबी, आत नाव, गाव आणि दोन फोन नंबर. घरापासून हरवणारी माणसं बहुतेकदा ओळखीच्या जुन्या वाटेने जातात, माहेरच्या, विहिरीच्या, शेताच्या. तिची वाट कोणती ते शोधून ठेवा.

पैशांचं थोडक्यात. 65 वर्षांवरच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, महिन्याला 1,500 रुपये, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000, अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. आईचं रेशनकार्ड कोणासोबत आहे यावर पुष्कळ अडतं. ती वेगळी राहत असेल तर कार्डही वेगळं असलेलं बरं. कदाचित तिला पेन्शन आधीच मंजूर असेल आणि पैसे भलत्याच खात्यात पडत असतील. आता रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि जे खातं सगळ्यात शेवटी जोडलं गेलं त्यात. कधीतरी बचत गटासाठी उघडलेलं, पासबुक हरवलेलं खातं असतं आणि वर्षभराचे पैसे तिथे पडून असतात. तहसीलला "पैसे येत नाहीत" म्हणून खेटे घालण्याआधी बँकेत आधार कुठे जोडलंय ते बघा. आधारला मोबाइल कोणाचा आहे तेही. पुष्कळदा तो नातवाच्या बंद पडलेल्या सिमचा निघतो. आयुष्यभर निंदणी-वेचणी केलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा डोळ्यांवरून ओळख पटवायला सांगा आणि हयातीचा दाखला दरवर्षी चुकवू नका.

70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. वय आधारवरचं धरतात, म्हणून जन्मसाल चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. हे कार्ड दाखल होण्यासाठी आहे, रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

सुरतला नेण्याचं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. वय वंदना कार्ड तिथल्या योजनेतल्या रुग्णालयांत चालतं, रेशन दुसऱ्या राज्यातही उचलता येतं. श्रावणबाळ मात्र महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आहे, कायमची सुरतला गेली तर ते बंद होईल. त्याहून मोठा प्रश्न जागेचा. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला नवं घर, नवी मोरी, दिवसभर बंद दार हे फार जड जातं, पहिले काही आठवडे विसरणं वाढल्यासारखं दिसतं. एका खोलीत तुमची बायको आणि ती, दिवसभर दोघीच. बायकोला खरंच पेलणार आहे का हे तिला विचारल्याशिवाय आईला गाडीत बसवू नका.

आणि वृद्धाश्रम. तपासणी झाली, घरी सोय लागत नाही, आणि आईलाही चालणार असेल, तर तो पर्याय अगदी योग्य आहे. त्यात पाप नाही. फक्त बहुतेक वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात, हिंडून हरवणाऱ्याला किंवा अंथरुणावरच्याला परत पाठवतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: विसरणारं माणूस ठेवता का, रात्री जागं कोण असतं, दवाखान्यात न्यावं लागलं तर कोण नेतं. न सांगता संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जा. तिथल्या चार आज्यांशी बोला.

8 दिवसांत हे सगळं बसवायचं तर आखाजीच्या दोन दिवस आधी पोचा, कारण सणाला कचेऱ्या बंद असतात. पहिले दोन दिवस दवाखान्याचे, मग सण. आखाजीच्या दिवशी घराचा, पैशाचा विषय काढू नका, तिला लेकरं आल्याचं सुख घेऊ द्या. सणानंतर वहिनी, मग भाऊ, मग बँक आणि तहसील. दस्ताची नक्कल यातल्या कुठल्याही दिवशी काढता येईल. बी-12, सोडियम आणि थायरॉईडचे आकडे हातात आले की मला कळवा, आणि ती भाजी निवडताना काय म्हणाली तेही, तिच्याच शब्दांत. वृद्धाश्रमाचं नाव सांगायचं की नाही ते मग ठरवू.